पायाखालचे

स्वयंपाकघराच्या मागल्या दारापासून तुळशीवृंदावनापर्यंत फुटक्या फरश्यांची आणि चिनी मातीच्या तुकड्यांची नक्षीदार पाऊलवाट करावी, असे गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरी ठरले, तेव्हा या सुशोभनाच्या कामात धर्माधर्माचा काही प्रश्न उद्भवेल, अशी मला यत्किंचितही कल्पना नव्हती.

काम तसे सरळ असते. वीतभर माती काढून मुरूम पसरायचा, तो धुम्मसाने ठोकून घट्ट करायचा, त्यावर खडीचा थर द्यायचा आणि मध्य किंचित उंच राखून दोन्ही अंगांना उतार ठेवायचा, म्हणजे पावसाचे पाणी वाटेवर साचत नाही; मग हातभर लांबीचा मसाला पसरून तो ओला आहे तोवरच एकेक तुकडा त्यात बसवायचा आणि वर सपाट फळी ठेवून थापीच्या मुठीने हलके ठोकायचे. चकाकीचे तुकडे पावसाळ्यात निसरडे होतात, म्हणून आमच्या गवंड्याने दर दोन तुकड्यांमागे शहाबादीचा एक खडबडीत तुकडा घालण्याचा दस्तूर पहिल्या दिवसापासून काटेकोरपणे पाळला. मोडलेल्या वस्तूंचा ढीग त्याच्या उजव्या हाताशी असे, आणि त्यातून हवा तो आकार तो न पाहता उचली.

तिसऱ्या दिवशी मात्र त्याचा हात थांबला. ढिगातून त्याने जो तुकडा वर काढला तो आमच्या आजोळच्या वाड्यातील देवघराच्या भिंतीवरचा होता. जपानमध्ये तयार होऊन इकडे येणाऱ्या, उठावाच्या चित्रांच्या त्या चकचकीत फरश्या ज्यांनी जुन्या घरांतून पाहिल्या असतील, त्यांना तो डोळ्यांपुढे आणता येईल: निळ्या पार्श्वभूमीवर मुरलीधर, कोपरापाशी तिरका तडकलेला, बोटे शाबूत, मुरलीचे टोक गेलेले. “साहेब, हे देवाचं कुठं बसवायचं?” त्याने विचारले. मी उत्तर देऊ शकलो नाही, आणि त्या दिवसापुरते काम तहकूब झाले.

ज्या समाजात कागदाला पाय लागला तरी हात आपोआप कपाळाकडे जातो, आणि जिथे अंथरुणातून उठून जमिनीवर पाऊल ठेवण्यापूर्वी त्या पादस्पर्शाबद्दल भूमीची क्षमा मागण्याचा पाठ लहानपणीच शिकवला जातो, त्या समाजातल्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही. जे सुंदर आहे, जे पूज्य आहे, ते पायाखाली घालणे हा त्याचा अवमान आहे काय? प्रश्न केवळ आपला नाही. रोमन साम्राज्यात जमिनीवर खडेजडित चित्रे काढण्याची कला परमोत्कर्षाला पोहोचली होती, आणि साम्राज्य ख्रिस्ती झाल्यावर भाविकांनी मोठ्या श्रद्धेने क्रुसाचे चिन्हही फरशीत जडवले असेल, तर त्यात नवल नाही, परंतु इ. स. 427 मध्ये सम्राट दुसरा थिओडोसियस याने असे फर्मान काढले की, ख्रिस्ताचे चिन्ह जमिनीत, दगडात किंवा खाली अंथरलेल्या संगमरवरात कोणीही कोरू वा रंगवू नये, जिथे ते आढळेल तिथून काढून टाकावे, आणि हुकूम मोडणाऱ्यास जबर शासन व्हावे. त्या फर्मानामागची भावना मला परकी वाटत नाही. आमच्या गवंड्याच्या थांबलेल्या हातात तीच भावना होती.

पण आपल्या परंपरेने या बाबतीत इतका निःसंदिग्ध निवाडा कधीच दिलेला नाही. सकाळी उंबऱ्याबाहेर काढलेली रांगोळी संध्याकाळपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पावलांनी विस्कटते, आणि त्याबद्दल कोणतीही गृहिणी तक्रार करीत नाही. लक्ष्मीची पावले तर जमिनीवरच उमटवावी लागतात. पंढरीचा देव ज्या विटेवर उभा आहे, ती पुंडलिकाने भिरकावलेली साधी वीट आहे, आणि पायाखाली असणे हीच तिची सारी थोरवी. त्याच देवळाच्या महाद्वारात नामदेवांची पायरी आहे. येणाऱ्या संतसज्जनांची चरणधूळ आपल्या माथी लागावी म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली, असे परंपरा सांगते. सम्राटाने जी जागा पवित्र वस्तूला निषिद्ध ठरवली, तिच्यासाठी एका संताने अर्ज करावा, याचा विचार करताना माझे मन भरून येते.

मात्र तिथेच थांबलो तर अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. नामदेवांच्या पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याचे गावकूस बांधताना ते अंगावर कोसळून चोखोबा गेले, आणि त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरीस आणल्या, असे सांगतात. जन्मभर ज्याला देवळात मज्जाव होता, तो मृत्यूनंतरही दाराबाहेरच राहिला. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा ते दार अस्पृश्यांना खुले झाले. मध्ये सहा शतके गेली होती. दोन समाध्यांत अंतर थोडके, पातळी जवळपास तीच. पण एकाने ती जागा मागितली आणि दुसऱ्यावर ती लादली गेली. स्वेच्छेने घेतलेल्या खालच्या जागेला आपण नम्रता म्हणतो. तीच जागा दुसऱ्याला नेमून देणे हा अन्याय आहे, आणि ही दोन नावे एकमेकांत मिसळून आपल्या धर्माने फार काळ स्वतःची फसवणूक करून घेतली, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे उमगल्यावर त्या फुटक्या मुरलीधराचा निर्णय करणे कठीण गेले नाही. खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत हे खरे. पण म्हणून तिला पायाखाली घालण्याचा अधिकार मला कोणी दिला? त्या चित्राने ती जागा मागितलेली नव्हती. ज्या कारागिराने ते घडवले, ज्या आजीने वर्षानुवर्षे त्यापुढे दिवा लावला, त्यांनीही मागितलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी गवंड्याने तो तुकडा वृंदावनाच्या पूर्वेकडील भिंतीत, पणतीच्या कोनाड्याखाली बसवला.

आई ओसरीवरून हे सारे पाहत होती. ती आत गेली आणि लग्नातल्या चहाच्या संचातील उरलेली एकमेव बशी घेऊन आली. पांढरी, काठाला हिरवी वेल, एका बाजूला टवका गेलेला. “ही घाल वाटेत. माझीच आहे,” ती म्हणाली. मी नको म्हणालो. ती म्हणाली, “नातवंडं रोज इथूनच जाणार ना? मग कपाटात ठेवून काय करू?” गवंड्याने बशी गोणपाटात गुंडाळून हातोडीने एकदाच ठोकली, तिचे सात तुकडे झाले, आणि मध्ये बोटभर फटी ठेवून ते त्याने पुन्हा वर्तुळातच मांडले.

आठवडाभर ओले गोणपाट टाकून वाटेला पाणी मारले. आठव्या दिवशी पहाटे त्या वाटेवरून पहिली चालली ती आई, अनवाणी, हातात पाण्याचा तांब्या. तिची बशी तुळशीपासून चौथ्या पावलावर आहे.