वाहनतळ आणि ममत्व

गृहसंस्थेच्या आवारात दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये आपल्या सदनिकेचा क्रमांक रंगविला गेला, की तेवढ्या भूमीवर मनुष्याचे जे ममत्व जडते ते कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न मला कायद्याहून अध्यात्माचा अधिक वाटतो. वाहनतळाची मोकळी अथवा इमारतीखालच्या खांबांमधली जागा विकासकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मुंबईच्या एका दाव्यात दिला. तेव्हा सभासदाच्या हाती उरते ती केवळ वहिवाट, मालकी नव्हे. ईशावास्य उपनिषदाने उपदेशिलेला त्यागपूर्वक भोग आणि गांधीजींची विश्वस्तवृत्ती यांची परीक्षा घेण्यास याहून योग्य स्थळ कोणते?

तथापि परकी गाडी आपल्या पट्ट्यात दिसताच चाकाला साखळी घालणारा अथवा टोचनवाल्यास पाचारण करणारा सज्जन, ती गाडी वरच्या मजल्यावरील रुग्णासाठी धावत आलेल्या डॉक्टरांची तर नाही ना, एवढी चौकशीही करीत नाही. अग्निशामक बंबाची वाट अडविणारे वाहन तत्काळ हलविलेच पाहिजे. तेथे दयामाया अस्थानी होय. अन्यत्र मात्र साखळी हाती घेण्यापूर्वी शेजाऱ्याच्या दाराची घंटा वाजवावी, एवढी माझी सर्व सभासदांस कळकळीची विनंती आहे.