खर्जाची जागा

सहा तारांचा बास आणि बॅरिटोन गिटार लांबून सारखेच दिसतात. दोन्हींना सहा तारा, दोन्हींची मान साध्या गिटारपेक्षा लांब, बोटांची ठेवणही गिटारचीच. फरक सुरात आहे. साध्या गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सुमारे 82 हर्ट्झचा ई वाजतो. बॅरिटोनची तीच तार 62 हर्ट्झच्या बीवर किंवा 55 हर्ट्झच्या एवर लावतात. गिटारच्या ईला षड्ज मानले, तर बी हा मंद्र पंचम आणि ए हा मंद्र मध्यम. सहा तारांचा बास पुरे एक सप्तक उतरतो आणि 41 हर्ट्झच्या ईवर येतो. सितार आणि सुरबहार यांच्यातही असेच चार-पाच सुरांचे अंतर असते, त्यामुळे बॅरिटोनची कल्पना इथल्या कानाला परकी वाटू नये.

‘सहा तारांचा बास’ या नावाखाली मात्र दोन वेगळी वाद्ये येतात. अँथनी जॅक्सन यांनी कार्ल थॉम्पसन यांच्याकडून 1975 मध्ये करवून घेतलेला बास म्हणजे चार तारांच्या बासलाच खाली एक आणि वर एक तार जोडलेले वाद्य. ते बासवादकाचे. इथे विचार करायचा आहे तो दुसऱ्या कुळाचा: डॅनइलेक्ट्रोने 1956 मध्ये आणलेला आणि फेंडरने 1961 मध्ये ‘बास सिक्स’ या नावाने काढलेला, गिटारच्याच सुरावटीचा, पण सप्तकभर खालचा बास. फेंडरच्या वाद्यात तारेची वाजती लांबी 30 इंच असते. त्यांच्या नेहमीच्या गिटारची साडेपंचवीस, तर चार तारांच्या बासची 34.

गिटारवादकाला यांतले एकच घ्यायचे असेल, तर पेच पडतो. त्याच्या दोन्ही बाजू नीट ऐकण्यासाठी दोन माणसे कल्पावीत: एक तरुण गिटारवादक आणि दुसरा बास वाजवण्यात उमर घालवलेला वादक.

तरुणाचा पहिला मुद्दा हिशेबाचा. “दादा, बास सिक्सच्या खालच्या तारेवर सातव्या फ्रेटला बोट ठेवलं की बॅरिटोनचा बी मिळतोच. मग जे वाद्य जास्त खाली जातं, त्यात दुसरं आपोआप आलं. कमी पल्ल्याचं का घ्यायचं?”

“सूर मिळतो, आवाज मिळत नाही,” दादा म्हणतात. “ती तार 84 हजारांश इंच जाडीची. सातव्या फ्रेटला दाबलीस की 30 इंचांतले 20च वाजायला उरतात. जाड तार आखूड झाली की ती तारेसारखी कमी आणि कांबीसारखी जास्त वागते, तिचे वरचे स्वरांश किंचित चढे लागतात. बॅरिटोनवर तोच बी मोकळ्या, लांब आणि बऱ्याच बारीक तारेवर वाजतो. पट्टी तीच, पण गळा वेगळा.”

जाडीचा हा प्रश्न वाद्याच्या मुळाशी आहे. ताण आणि लांबी तीच ठेवून सूर सप्तकभर खाली आणायचा, तर तारेचे वजन चौपट व्हावे लागते. मान लांबवली की ही चौपट थोडी कमी होते. बास सिक्सने 30 इंचांवर तडजोड केली, म्हणून त्याची ई तार अनेकांना ढिली लागते आणि काही वादक तिथे 95ची तार चढवतात.

तरुण हिशेब सोडून सुरावटीकडे वळतो. आपल्याला मुख्यतः कॉर्ड वाजवायच्या आहेत, आणि बास सिक्सवर त्यांची नावे बदलत नाहीत; सीच्या आकाराला सीच वाजतो. बीवर लावलेल्या बॅरिटोनवर त्याच आकारातून जी निघतो, प्रत्येक वेळी मनात पट्टी बदलावी लागते. यात तथ्य आहे, पण ही अडचण सरावाने सुटते. दुसरी अडचण सरावाने सुटत नाही. ई मेजरचा नेहमीचा आकार धरला, तर चौथ्या तारेवर ई आणि तिसऱ्या तारेवर त्याचा गांधार येतो. साध्या गिटारवर या दोन सुरांत सुमारे 43 हर्ट्झचे अंतर असते. बॅरिटोनवर ते 32 उरते, बास सिक्सवर 21. इतक्या खाली इतके जवळ आलेले सूर कानाला सुटे लागत नाहीत. एकमेकांत मिसळून त्यांची नुसती थरथर ऐकू येते. बास सिक्सवर पूर्ण कॉर्ड गढूळ वाटते, त्यात बोटांचा दोष नसतो.

बॅरिटोनही या गढूळपणातून पूर्ण सुटलेले नाही. पॅट मेथेनी यांनी 2003 मध्ये आलेल्या ‘वन क्वाएट नाइट’ या एकट्याच्या ध्वनिमुद्रणासाठी लिंडा मॅन्झर यांनी घडवलेली बॅरिटोन गिटार वापरली, आणि मधल्या दोन तारा, म्हणजे नेमक्या तिसरी आणि चौथी, सप्तकभर वर लावल्या. जिथे गर्दी होत होती तीच जागा त्यांनी मोकळी केली. खाली खर्ज, मध्ये उजेड, आणि हे सगळे एका माणसाच्या हाती.

इथून संवाद वाद्यावरून माणसांवर येतो. “तुझ्या गटात खालचा सूर कोणाकडे आहे?” दादा विचारतात.

“बासवादक आहे. पण मी थोडं खाली गेलो तर बिघडलं काय?”

“तू सी-ई-जी वाजवतोयस असं धर. मी खाली सी दिला तर तो सी मेजर. मी ए दिला तर तोच ए मायनर सेव्हन्थ. तुझी बोटं हललीसुद्धा नाहीत, आणि तू काय म्हणालास ते मी बदललं. सर्वांत खालचा सूर ज्याच्याकडे, तो बाकीच्यांच्या बोलण्याचा अर्थ ठरवतो. ती जागा एका वेळी एकाचीच.”

या युक्तिवादाला इतिहासाचा दाखला आहे. जानेवारी 1969 मध्ये बीटल्सच्या ध्वनिमुद्रणात पॉल मॅकार्टनी पियानोवर बसले की जॉन लेनन किंवा जॉर्ज हॅरिसन बास सिक्स घेत. बासवादकाची जागा रिकामी होती आणि गिटारवादकाच्या हाताला सवयीच्या अंतरावर तारा असलेले वाद्य हवे होते. बास सिक्स म्हणजे बासची जबाबदारी उचललेला गिटारवादक, अशी व्याख्या इथे चपखल बसते.

पण तरुणाकडे याला तोडीचे उत्तर आहे. “मग ‘विचिटा लाइनमन’चं काय, दादा? 1968चं गाणं. खाली बास कॅरोल के वाजवतात, आणि ग्लेन कॅम्पबेल त्यांचाच डॅनइलेक्ट्रो सहा तारांचा बास मागून घेऊन मधला सोलो वाजवतात. कोणाचीही जागा हिसकावलेली नाही. तो बास तिथे गातो.”

दादा हे मान्य करतात, आणि करायलाच हवे. नॅशव्हिलच्या स्टुडिओंतही उभ्या बासच्या जोडीने सहा तारांचा बास तळहाताने दाबून, पिकने वाजवण्याची रीत होती. तिला ‘टिक-टॅक’ म्हणत: गोलाई उभ्या बासची, टोक याचे. द क्युअरच्या रॉबर्ट स्मिथ यांनी बास सिक्सवर सुरावटीच्या लांबलचक ओळी वाजवल्या, बास खाली दुसऱ्याच्या हाती असताना. म्हणजे सूर कितीही खाली असला तरी वाद्य आपली जागा स्वतः ठरवत नाही. शेजारी कोण काय वाजवतो, त्यावर ती ठरते.

मात्र या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. कॅम्पबेल, स्मिथ आणि नॅशव्हिलचे वादक, सगळे त्या वाद्यावर एका वेळी एकच सूर वाजवतात. तरुणाला हव्या होत्या कॉर्ड.

“मग माझ्यासाठी बॅरिटोन,” तो म्हणतो.

“कॉर्ड सोडवत नसतील आणि बासवादक कायम असेल, तर बॅरिटोनच. एक एक सूर गाणारी ओळ हवी असेल, किंवा उद्या बासची जागा तुलाच भरायची असेल, तर दुसरं.”

हा निर्णय पैसे खर्च करण्याआधी निम्मा तरी तपासून पाहता येतो. साध्या गिटारला जाड तारांचा संच लावून ती बीपर्यंत उतरवता येते. त्यासाठी नटच्या खाचा थोड्या रुंद कराव्या लागतात आणि मानेचा बाक पुन्हा जुळवावा लागतो. ताण थोडा सैल वाटला तरी कॉर्ड त्या पट्टीत कशा उघडतात आणि बासवादकाला जागा उरते का, हे महिनाभराच्या तालमीत कळते. बास सिक्सची अशी चाचणी साध्या गिटारवर होत नाही. तो हातात घेऊन, शेजारी बास वाजत असतानाच ऐकावा लागतो.