दहावा कोण?

उत्तर इटलीच्या दहा दिवसांच्या ट्रिपची यादी करायला बसलं की ती थांबत नाही. मिलान, तुरिन, व्हेरोना, पादुआ, व्हेनिस, बोलोन्या. त्यात रेल्वे इतकी सोयीची, की सगळंच जमेल असं वाटतं. मिलानहून व्हेनिस अडीच तासांवर, बोलोन्याहून दीड तासावर. मग वगळायचं काय? अलीकडे याचं एक तयार उत्तर मिळतं: व्हेनिस वगळा. तिथं जाणं म्हणजे ते शहर संपवायला हातभार लावणं.

आरोप पोकळ नाही. व्हेनिसच्या बेटांवरच्या जुन्या शहरात १९५१ साली सुमारे पावणेदोन लाख माणसं राहत होती. २०२२मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. तिथल्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेत उरलेल्या रहिवाशांची संख्या दाखवणारा फलकच लावलेला आहे. महिन्याच्या भाडेकरूपेक्षा दोन रात्रींचा पर्यटक जास्त पैसे देतो. म्हणून राहायला घरं मिळत नाहीत, माणसं शहर सोडतात आणि वाण्याच्या दुकानाच्या जागी मुखवट्यांचं दुकान येतं. यात कुणी खलनायक नाही. जो तो फक्त दोन दिवस फिरायला आलेला असतो.

मग माझ्या एकट्याच्या जाण्यानं असं काय होणार?

याचं उत्तर व्हेनिसजवळच्या पादुआत मिळतं. तिथल्या स्क्रोव्हेन्यी चॅपलच्या भिंतींवर जोत्तोनं सातशे वर्षांपूर्वी रंगवलेली चित्रं आहेत. माणसांच्या श्वासातली वाफही त्यांना अपाय करते. म्हणून एका वेळी जेमतेम पंचवीस माणसं आत सोडतात. त्याआधी त्यांना पंधरा मिनिटं एका बंद खोलीत बसवतात, मग चित्रांसमोर पंधरा मिनिटं. एका श्वासानं चित्र खराब होत नाही, हे तिथं सगळ्यांना ठाऊक आहे. तरी प्रत्येकाचा श्वास हिशेबात धरलेला असतो.

आपण नेमकं हेच करत नाही. वेदान्तात सांगतात ती गोष्ट आठवा. दहा जण नदी पार करतात, पलीकडे मोजदाद करतात, आणि प्रत्येकाची मोजणी नऊवरच थांबते. कारण मोजणारा स्वतःला मोजत नाही. ट्रिपहून परतल्यावर आपण म्हणतो, ‘छान होतं, पण टुरिस्ट फार.’ त्या टुरिस्टांत आपण नसतो. पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकून ट्रॅफिकला शिव्या देणाऱ्यालाही स्वतःची गाडी दिसत नाही.

‘व्हेनिस नको, त्यापेक्षा बोलोन्याला जा’ या सल्ल्यातही दहावा सुटतोच. बोलोन्या सुंदर आहे. परंपरेनुसार १०८८ सालापासूनचं विद्यापीठ, मैलोन् मैल चालत राहावं असे कमानींचे सज्जे. पण तिथं विद्यार्थ्यांना परवडणारी खोली मिळणं आधीच अवघड झालं आहे. गर्दी हलवली म्हणजे प्रश्न सुटला असं होत नाही.

शिवाय ‘जाऊ नका’ म्हणणं सगळ्यांना सारखं परवडत नाही. म्युनिकच्या माणसाला व्हेनिस या वर्षी राहिलं तर पुढच्या वर्षी आहेच. आपल्याला शेंगेन व्हिसा, त्यासाठी बँकेची कागदपत्रं, रजा, वर्षानुवर्षांची बचत. अशा माणसानं कुणाच्या तरी सांगण्यावरून व्हेनिस सोडावं, यात न्याय नाही. ‘पुन्हा येणं होईल का’ ही धास्ती खरी आहे. आणि दहा दिवसांत सहा शहरं कोंबायला लावते तीही हीच धास्ती.

इथं व्हेनिसनं स्वतः केलेला एक भेद उपयोगी पडतो. २०२४पासून ठरावीक दिवशी दिवसापुरतं येणाऱ्यांकडून तिथं प्रवेशशुल्क घेतात, सुरुवातीला पाच युरो. मुक्कामाला असलेल्यांना ते माफ. त्यांचा कर राहण्याच्या बिलात येतो. शुल्कानं गर्दी किती हटते हा वेगळा वाद. पण त्यामागचा विचार पटण्यासारखा आहे: कोण आलं यापेक्षा कसं आलं, हे महत्त्वाचं. सकाळी उतरून पुलावर फोटो काढून दुपारच्या गाडीनं जाणारा माणूस शहराची वाट अडवतो आणि त्याला फार काही देत नाही. तीन रात्री राहणारा, तेही कुणाच्या राहत्या घराचा फ्लॅट न घेता साध्या हॉटेलात, निदान तिथं जेवतो, गल्ली चुकतो, कुणाला तरी रस्ता विचारतो.

म्हणून यादी करताना शहरांची नावं नव्हे, रात्री मोजाव्यात. दहा रात्री, तीन शहरं. त्यात व्हेनिस असलं तरी चालेल. मात्र त्याची किंमत आहे. व्हेरोना सुटेल, तुरिन सुटेल, आणि ती कदाचित कायमची सुटतील. ऑफिसात कुणी विचारेल, ‘इतक्या लांब जाऊन व्हेरोना नाही केलं?’ तेव्हा ‘नाही’ म्हणताना थोडं वाईट वाटेल. तेवढं वाईट वाटून घेणं हा आपला वाटा. त्या रांगेतले दहावे आपणच आहोत, हे मान्य केल्याचा.