मळीचा हिशेब

एखादी वस्तू टाकाऊ आहे, हे आपण कशावरून ठरवतो? तिच्या अंगच्या गुणावरून, की त्या घटकेला आपल्याला तिची गरज नाही एवढ्यावरून? या प्रश्नाचा विचार लोखंडाच्या झोतभट्टीपाशी करावा, असे आम्हांस वाटते.

झोतभट्टीत लोहखनिज, कोक व चुनखडी घालतात. खनिजातील सिलिकासारखी अशुद्ध द्रव्ये चुन्याशी संयोग पावून वितळतात आणि लोहरसावर तरंगतात. हीच धातुमळी. एक टन लोखंडामागे ती सुमारे ३०० किलो निघते; खनिज हलके असल्यास त्याहूनही अधिक. १८६२ साली जर्मनीत एमिल लांगेन यांना आढळले की, तप्त मळी पाण्याने एकाएकी थंड केली तर तिचे काचेसारखे कण होतात आणि चुन्याच्या संगतीत ते सिमेंटप्रमाणे घट्ट धरतात. सावकाश थंड होऊ दिली, तर तिचा निव्वळ दगड होतो. द्रव्य एकच, त्याला दिलेली वागणूक निराळी.

आज भारतीय मानक ४५५ नुसार मळीच्या सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के मळी चालते. याचे मोल मोठे आहे. साध्या सिमेंटसाठी चुनखडी व माती सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. तेव्हा इंधनापेक्षाही अधिक कार्बन डायऑक्साइड खुद्द चुनखडीतून सुटतो. जगात मानवी व्यवहारांतून बाहेर पडणाऱ्या या वायूचा सुमारे ७ ते ८ टक्के वाटा सिमेंटचा आहे.

येथवर सारे गोड आहे. खरा प्रश्न पुढेच. झोतभट्टीच्या धुराचा दोष कोणाच्या खाती मांडावा? मळीला कचरा म्हटले, तर सारा भार पोलादाच्या माथी येतो आणि सिमेंट निष्कलंक ठरते. पण ती मळी तर दाम मोजून विकली जाते! नफ्याच्या वहीत माल आणि दोषाच्या वहीत कचरा, हा कोणता न्याय?

यावर कोणी म्हणेल, भट्टी पोलादासाठीच पेटते. मळीवर दोष लादला तर गिऱ्हाईक फिरकणार नाही आणि कारखान्यांच्या कडेला ढीग वाढतील. यात तथ्य आहे. म्हणून मळी अवश्य वापरावी, वापरणाऱ्यास श्रेयही द्यावे. मात्र ते एकदाच मोजावे. एकाच बचतीचे पुण्य पोलादवाल्याने आणि सिमेंटवाल्याने दोघांनीही आपल्या नावे लिहू नये.

शिवाय हा साठा अक्षय नाही. ३० सप्टेंबर २०२४ रोजी वेल्समधील पोर्ट टॅलबटची शेवटची झोतभट्टी बंद झाली. तिच्या जागी भंगार वितळवणारी विजेची भट्टी यायची आहे. विजेच्या भट्टीच्या मळीत हा गुण तितका नसतो. मग मळी हवी म्हणून जुन्या भट्ट्या पेटत्या ठेवायच्या काय? सोय म्हणून स्वीकारलेली गोष्ट अशी धनी होऊन बसता कामा नये.

मळीचे सिमेंट सावकाश ताकद धरते. त्यावर अधिक दिवस पाणी मारावे लागते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत मात्र ते आतील सळ्यांना चांगले जपते. घर बांधणाऱ्याने एवढा धीर अवश्य धरावा. परंतु सिमेंट कोणते घ्यावे, याच्या आधी ते किती लागते, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावयास हवा. त्याचे उत्तर कोणतीही भट्टी देणार नाही.