‘कळवतो’ आणि १२७ सेकंद

एका प्रोग्रॅमला दुसऱ्या मशीनशी बोलायचं असलं की तो एक सॉकेट उघडतो आणि ‘कनेक्ट’ म्हणतो. मग तीन पाकिटांची देवाणघेवाण होते. आपण ‘सिन’ पाठवतो: बोलू का? समोरून ‘सिन-ॲक’ येतं: बोल, ऐकतोय. आपण ‘ॲक’ पाठवतो: चल मग. तुम्ही हे पान उघडलंत तेव्हाही बहुधा असंच काहीतरी झालं असेल.

पण हे जमत नाही तेव्हा काय होतं, ते मला जास्त विचार करण्यासारखं वाटतं. कधी मशीन जागं असतं, पण त्या पोर्टवर कोणी बसलेलं नसतं. मग ते लगेच ‘रिसेट’ पाठवतं आणि आपल्याला ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ दिसतं. बंद पोर्टवर कोणी आलं तर त्याला असं परत पाठवा, हा नियम टीसीपीच्या सप्टेंबर १९८१ च्या दस्तऐवजातच आहे. आणि कधी मध्ये फायरवॉल असते. ती तुमचं पाकीट मुकाट्याने गिळते. ना हो, ना नाही.

अशा वेळी लिनक्स काय करतं? एक सेकंद थांबून पुन्हा विचारतं. मग दोन सेकंदांनी, मग चार, आठ, सोळा, बत्तीस. शेवटी चौसष्ट सेकंद वाट पाहून हात टेकतं. एकूण १२७ सेकंद. (बरीच वर्षं हीच मूळ सेटिंग होती, नव्या आवृत्त्यांत हिशोब थोडा बदललाय.) नकार मिळाला असता तर हेच काम पापणी लवायच्या आत संपलं असतं.

मी अंबाडीहून काम करतो. पावसाळ्यात भिवंडी-वाडा रस्त्यालगतच्या आमच्या गावात नेटवर्क येतं-जातं, आणि तेव्हा पाकीट वाटेतच हरवतं. त्यात कोणाचाच दोष नसतो. गंमत अशी, की विचारणाऱ्याला हे हरवणं आणि ते गिळणं यांतला फरक कळूच शकत नाही. म्हणून तो भाबडेपणाने विचारत राहतो.

आपल्याकडे या फायरवॉलला एक शब्द आहे: ‘कळवतो’. इंटरव्ह्यूनंतर एचआर म्हणते, मुलगी बघून झाल्यावर मुलाकडचे म्हणतात. त्यापेक्षा मला ‘पत्रिका जुळत नाही’ बरं वाटतं. कारण खोटं असेल, पण उत्तर मिळतं आणि मुलीचे वडील फोनकडे बघणं थांबवतात. गप्प बसणाऱ्याला काहीच खर्च नसतो. सगळा खर्च वाट पाहणाऱ्याच्या खात्यावर पडतो.

मग गप्प बसणं नेहमीच चूक का? तसं नाही. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीवर खोट्या पत्त्यांवरून ‘सिन’चा मारा झाला. प्रत्येकाला उत्तर देऊन, जागा राखून, सर्व्हर वाट पाहत राहिले, आणि खऱ्या ग्राहकांना जागाच उरली नाही. सौजन्यानेच गळा धरला. शिवाय पोर्ट चाचपणाऱ्याला ‘रिसेट’ पाठवणं म्हणजे ‘इथे घर आहे’ हे सांगणं. अनोळखी माणसाच्या ‘हाय’ला ‘नको’ असं उत्तर देऊन बघितलेल्या कुठल्याही मुलीला विचारा. त्या ‘नको’नंतर पुढचे दहा मेसेज येतात.

मग फरक कुठे करायचा? मला वाटतं, ‘लिसन’पाशी. कुठलाही पोर्ट आपोआप उघडत नाही. प्रोग्रॅमने ‘मी इथे ऐकतोय’ असं स्वतःहून जाहीर करावं लागतं. प्रोफाइल असणं म्हणजे येणाऱ्या प्रत्येकासाठी ‘लिसन’ नव्हे. त्या मुलीवर कोणाचं उत्तर देणं लागत नाही. नोकरीची जाहिरात मात्र ‘लिसन’च आहे. पोहे खायला येतो म्हणणं ‘लिसन’ आहे. खिडकीवर पाटी लावणं तर आहेच. बोलावलंत तर उत्तर द्यायला तुम्ही बांधील आहात.

‘लिसन’मध्येही एक लबाडी शिरू शकते. तीन पाकिटांचा सोपस्कार ऑपरेटिंग सिस्टिमचं कर्नल परस्पर उरकतं. प्रोग्रॅमने अजून ‘ॲक्सेप्ट’ केलेलंही नसतं, तरी आपल्याला ‘जोडलं’ असं दिसतं. आपण रांगेत असतो, फक्त आपल्याला ते माहीत नसतं. अर्जावर आवक शिक्का बसतो आणि आपण खूश होऊन घरी येतो, तसंच.

माहितीचा अधिकार कायदा, २००५ लिहिणाऱ्यांना हे नीट कळलं होतं असं दिसतं. ३० दिवसांत निर्णय आला नाही तर माहिती नाकारली असं समजावं, असं कलम ७ सांगतं. गप्प बसणाऱ्याच्या तोंडी कायदाच ‘नाही’ घालतो, आणि अर्जदाराला अपील करायला मोकळं करतो. म्हणजे टाइमआउट विचारणाऱ्याच्या हातात आला. इंटरव्ह्यू आणि पोह्यांसाठी असं कलम नाही. तिथे तो आकडा ज्याचा त्यालाच ठरवावा लागतो; माझ्या कोडमध्ये मी पाच सेकंद टाकतो, मेलसाठी दोन आठवडे.