थोमाची जागा

येशू मरणातून उठला त्या रविवारी संध्याकाळी शिष्य दारं लावून एकत्र बसले होते आणि तो त्यांच्यामध्ये येऊन उभा राहिला. थोमा तेवढा तिथे नव्हता. का नव्हता, हे योहानाने लिहिलेलं नाही. घाबरला असेल, वैतागला असेल, एकट्यानेच बसावंसं वाटलं असेल. कळतं ते इतकंच, की बाकीच्यांनी येऊन सांगितलं आणि त्याला ते पटलं नाही (योहान 20:24-29).

या उताऱ्यावर प्रवचन म्हटलं की थोमाच्या अविश्वासाचं. मी मात्र मधल्या आठवड्यापाशी अडखळतो. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा जमले तेव्हा थोमा त्यांच्यात होता. खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही, असं सगळ्यांना ठणकावून सांगितलेला हा माणूस, तरी येऊन बसला. बाकीच्यांनीही त्याला ‘आधी पटू दे, मग ये’ असं म्हटलं नाही. प्रभू त्याला भेटला तो तिथेच, चारचौघांत.

‘देव घरी नाही का? मग दर रविवारी चर्चला कशाला?’ हा प्रश्न आपल्याकडची तरुण मुलं विचारतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. देव घरी आहेच. आपल्या जालना जिल्ह्यात तर हा प्रश्न पोटाशीही बांधलेला आहे. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्यामुळे 1890 साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. कापूस वेचणीला आणि सोयाबीनच्या सोंगणीला ती अजून मिळालेली नाही. एक रविवार म्हणजे एक रोज बुडाला. ऊसतोडीच्या टोळीत गेलेलं घर तर दिवाळीनंतर गावात नसतंच. अशा माणसाला ‘नियमित या’ असं सांगताना महिन्याच्या पगारावर जगणाऱ्याने जरा जपून बोलावं.

पण पहिल्या मंडळ्यांचीही गत हीच होती. रविवारी काम बंद ठेवण्याचा हुकूम रोमच्या कॉन्स्टंटाइन बादशहाने काढला तो 321 साली. त्याआधीची जवळजवळ तीनशे वर्षं रविवार हा कामाचाच दिवस. साधारण 112 साली प्लिनी नावाच्या रोमी सुभेदाराने आपल्या बादशहाला कळवलं होतं, की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. त्यांच्यात गुलामही होते. उजाडल्यावर त्यांना कामाला जुंपून घ्यायचं असणार. म्हणून अंधारात यायचं.

त्या गुलामाला असं काय मिळत असेल, जे घरी मिळत नव्हतं? याचं उत्तर मला जालन्याच्याच इतिहासात सापडतं. नारायण शेषाद्री हे नाव मराठी वाचकाला बहुधा माहीत असतं ते त्यांच्या धाकट्या भावामुळे, श्रीपादमुळे. मिशनऱ्यांकडे राहायला गेलेल्या श्रीपादला कोर्टाने घरच्यांच्या ताब्यात दिलं आणि त्याला जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांशी वाद घातला. थोरल्याने मात्र 1843 साली बाप्तिस्मा घेतला. पुढे ते पाळक झाले आणि 1860 च्या दशकात निजामाच्या मुलखात, जालन्याच्या छावणीपाशी कामाला आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. तिथे आलेले बहुतेक जण मांग आणि महार समाजातले.

पाण्यासाठी आले, जमिनीसाठी आले, असं तेव्हाही म्हटलं जायचं, आजही म्हणतात. काही आले असतील. ज्यांना गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते, त्यांनी पाण्यासाठी येऊ नये तर कशासाठी यावं? माझं मन वेगळ्याच गोष्टीपाशी रेंगाळतं. जन्माने ब्राह्मण असलेला पाळक आणि गावकुसाबाहेरची माणसं एका छपराखाली बसून एकच गीत गातात, प्रभूभोजनाची एकच भाकर मोडून घेतात. हे घरी एकट्याने कितीही प्रार्थना केली तरी घडणारं नव्हतं. शिवाय एकदा घडून भागणारंही नव्हतं. एका दिवसाचं सहभोजन कौतुकाचं होतं. दर रविवारी तीच पंगत बसू लागली की मग माणसाला आपल्या जागेची खात्री वाटायला लागते.

याच जिल्ह्यातल्या जांबला 1608 साली आणखी एक नारायण जन्मला, पुढे समर्थ रामदास झाला. नेम म्हणजे काय ते आपल्या मातीला मिशनऱ्यांनी शिकवावं लागलं नाही. दर शनिवारी मारुतीला जाणाऱ्या शेजाऱ्याला ‘आज तिथे नवीन काय मिळालं’ असं आपण विचारत नाही. चर्चमधून बाहेर पडणाऱ्याला मात्र विचारतो, ‘प्रवचन कसं झालं?’

प्रवचन बरेचदा बेताचंच होतं. खरं सांगायचं तर महिन्यापूर्वीचं प्रवचन कुणाला आठवतही नाही. मी वाट पाहतो ती सूचनांची. कमिटीतलं कुणीतरी घडी घातलेला कागद उलगडून उभं राहतं. अमक्या आजी सरकारी दवाखान्यात आहेत, ऑपरेशन बुधवारी. तमक्यांच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, त्यांनी आभाराचं दान दिलंय. मंगळवारची महिला मंडळाची प्रार्थना कुणाच्या घरी, ती गल्ली कुठली. मागच्या बाकावर कुजबुज होते, ‘कुठल्या वॉर्डात?’ कुणीतरी पदराची गाठ सोडून उपासनेनंतर द्यायची नोट आधीच हातात धरून ठेवतं. चहाच्या वेळेपर्यंत बुधवारी डबा कोण नेणार ते ठरलेलं असतं. या दहा मिनिटांत चर्चची मंडळी होते, असं माझं मत आहे. पाळकसाहेबांना ते फारसं रुचणार नाही.

22 मार्च 2020 रविवारच होता. जनता कर्फ्यूच्या त्या दिवशी दारं लागली आणि त्या वर्षी राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली ती 16 नोव्हेंबरला. मधल्या काळात मोबाईलवरच्या उपासनेने पुष्कळांना सावरलं. गुडघे धरलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांना ती सोय आजही हवी. पण किती जणांनी पाहिलं, एवढाच आकडा मोबाईल दाखवतो. आज अमकी काकू दिसली नाही, हे त्याला कळत नाही.

आता दुसरी बाजू. नियमाने येणारा माणूस चांगला असतोच असं नाही. भांडणं आहेत, कमिटीच्या निवडणुका आहेत, पुढचे बाक ठरलेल्या घराण्यांचे असल्यासारखे आहेत. अशा गोष्टींना विटून माणसं यायची थांबतात आणि त्यांचं म्हणणं खोडून काढता येत नाही. रेव्हरंड टिळकांनासुद्धा मिशनची चौकट काचली. त्यांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडली. पण घरी एकटे बसले नाहीत. ‘देवाचा दरबार’ काढला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सगळ्यांना त्यात बोलावलं. चौकट मोडणाऱ्यालाही माणसं जमवावीच लागली.

दुसऱ्या शतकात जस्टिन नावाच्या ख्रिस्ती पंडिताने रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलंय. शास्त्रवाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, अनाथ, विधवा, आजारी यांच्यासाठी वर्गणी. ओळखीचंच वाटतं सगळं. त्यात एक गोष्ट आपल्याकडे बरीचशी मागे पडली आहे. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक त्याच दिवशी त्यांच्या घरी पोचवत. म्हणजे कोण आलं नाही, हे आधी कुणीतरी पाहिलेलं असायचं.

मागच्या रविवारी आपल्या बाकावर कोण नव्हतं, ते आठवून पाहा. आठवलं तर आज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन या, पाळकसाहेब जातील म्हणून थांबू नका. ‘का आला नाहीत’ हे मात्र विचारू नका. मोसंबी न्या, बसा, काय चाललंय ते ऐका. ऊसतोडीला गेले असतील तर फोन करा, दिवसभर फडात असतात म्हणून रात्री आठनंतर.