तेलाचं भांडं कोणी न्यायचं?

घाटकोपरसारख्या उपनगरातल्या सकाळच्या शाळेत सातच्या ठोक्याला परिपाठ सुरू होतो. सहा महिन्यांची गरोदर शिक्षिका राष्ट्रगीताला उभी राहते आणि मग पहिला, दुसरा, तिसरा तास उभीच असते. खुर्ची आहे, पण फळ्यावर लिहायचं, मागच्या बाकांवर लक्ष ठेवायचं, बाकांमधून फिरत वह्या बघायच्या, हे खुर्चीतून जमत नाही. शिवाय बसून शिकवणाऱ्या बाई व्हरांड्यातून कशा दिसतात, याचं दडपण असतंच. मधल्या सुट्टीत स्टाफरूममधल्या सगळ्याजणी मायेने एकच सांगतात, "जप गं बाई स्वतःला!"

या वाक्यातली माया खरी आहे. पण जपण्याचं काम त्यात तिच्याच पदरात पडतं. दोन जिवांच्या बाईला सांभाळणं हे कर्तव्य नेमकं कोणाचं?

या प्रश्नाचं एक जुनं उत्तर चरकसंहितेत सापडतं. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात गर्भिणीच्या काळजीबद्दल बोलताना काठोकाठ भरलेल्या तेलाच्या भांड्याची उपमा दिली आहे. असं भांडं नेणारा जसा ते हिंदकळू देत नाही, तसं तिच्याशी वागावं, असा तिचा अर्थ. या उपमेत बाई म्हणजे भांडं. ते नेणारे हात दुसऱ्यांचे आहेत, म्हणजे सेवा करणाऱ्यांचे, घरच्यांचे, भोवतालच्यांचे. तेल सांडलं तर भांड्याला कोणी बोल लावत नाही. आपण मात्र गेली कित्येक वर्षं भांड्यालाच बजावत आलो आहोत, की बाई गं, हिंदकळू नकोस.

त्याच अध्यायात मुलगा व्हावा म्हणून करायचे विधीही आहेत. ते तिथेच सोडून द्यावेत. पण गर्भाला काय अपायकारक, याची जी यादी तिथे येते ती आजच्या शिक्षिकेने वाचली तर थबकेल. खडबडीत, अवघडलेलं आसन. फार हादरे देणारं वाहन. आणि लघवीचा वेग अडवून धरणं.

हे शेवटचं शाळेत रोज घडतं. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग सोडून जाता येत नाही, बदली तासावर यायला कोणी मोकळं नसतं, शिक्षिकांचं स्वच्छतागृह तळमजल्यावर आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर. म्हणून मग अनेकजणी पाणीच कमी पितात. गरोदरपणात मूत्रमार्गाचा संसर्ग आधीच सहज होतो आणि तो अंगावर काढला तर मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो, दिवस भरण्याआधी कळा सुरू होण्याचा धोका वाढतो. अशा वेळी तिला फक्त "भरपूर पाणी प्या" सांगून काय उपयोग? तासाच्या मधोमध पाच मिनिटं वर्ग सांभाळणारं माणूस कोणीतरी नेमायला हवं, आणि वेळापत्रक लावणारे हात तिचे नसतात.

संसर्गाचंही तसंच. शाळेत कांजिण्या, गोवर, रुबेला एका मुलाकडून दुसऱ्याकडे जायला वेळ लागत नाही. पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला झाला तर बाळाच्या डोळ्यांना, कानांना, हृदयाला कायमची इजा होऊ शकते. यावर लस आहे, पण गरोदरपणात ती देत नाहीत. म्हणजे ज्या बाईने आधी लस घेतलेली नाही तिची ढाल आता वर्गातल्या मुलांच्या दंडातच असते. महाराष्ट्रात 27 नोव्हेंबर 2018 पासून शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. 2022 मध्ये गोवंडीच्या वस्त्यांमध्ये गोवर पसरला तेव्हा लस राहून गेलेली मुलं किती आहेत हे पुन्हा दिसलं. अंगावर पुरळ असताना "परीक्षा आहे ना" म्हणून मुलाला शाळेत धाडणारे पालकही त्या भांड्याला हात लावून असतात, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसतं.

चरकाप्रमाणेच धर्मशास्त्रांनीही गर्भिणीला सवलती दिल्या आहेत. इस्लाममध्ये स्वतःला किंवा बाळाला अपाय होईल अशी भीती असेल तर तिला रोजा सोडण्याची मुभा आहे. तो पुढे भरून काढता येतो. मनुस्मृतीत दोन महिन्यांपुढच्या गर्भिणीकडून नावेचा उतार घेऊ नये असं सांगितलं आहे. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बाईला चढू देतात, त्याची ही जणू पूर्वज म्हणावी अशी तरतूद. पण त्याच श्लोकात उतार माफ असलेल्यांमध्ये संन्याशांबरोबर ब्राह्मणही आहेत. गरजेतून मिळालेली सूट आणि जन्मामुळे मिळालेली सूट तिथे एकाच नावेत बसते, आणि हा सगळा ग्रंथ माणसांची उतरंड लावणारा आहे.

25 डिसेंबर 1927 ला महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तो ग्रंथ जाळला गेला. त्यानंतर सातच महिन्यांनी, जुलै 1928 मध्ये, बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात उभे राहिले ते गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी म्हणून. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं यात राष्ट्राचं हित आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलायला हवा, असा त्यांचा मुद्दा होता. 1929 मध्ये मुंबई इलाख्याचा मातृत्व लाभ कायदा झाला. या दोन घटना शेजारी ठेवून पाहायला हव्यात. दयेतून दिलेली सवलत देणाऱ्याला काढूनही घेता येते. बाबासाहेबांनी गिरणी कामगारणीसाठी तीच गोष्ट हक्क म्हणून मागितली.

जपण्याच्या नावाखाली बाजूला सारणंही होतं. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या शाळामंडळाचा नियम होता, की शिक्षिकेने प्रसूतीच्या पाच महिने आधीच घरी बसायचं, तेही बिनपगारी. 1974 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. प्रत्येकीची प्रकृती वेगळी, सरसकट सगळ्यांना अक्षम ठरवता येणार नाही, असं म्हणून. आपल्याकडे पहिलं गरोदरपण येताच हवाईसुंदरीची नोकरी संपवणारी एअर इंडियाची अट 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढली. भांडं फडताळात ठेवून दिलं की सांडत नाही, हे खरं. पण ते न्यायचंच होतं.

1961 च्या केंद्रीय कायद्याने फार वेळ उभं राहण्याच्या कामाचा स्पष्ट उल्लेख केला. प्रसूतीआधीच्या साधारण शेवटच्या दहा आठवड्यांत असं काम तिला देऊ नये. 2017 च्या दुरुस्तीने पगारी रजाही बारा आठवड्यांची सव्वीस झाली. पण उभं राहण्याच्या कलमात तीन शब्द आहेत ज्यांवर सगळं अडतं: तिने विनंती केल्यास. कायम नोकरीतली बाई विनंती करेल. तासिका तत्त्वावरची, जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही याची खात्री नसलेली शिक्षिका खुर्ची मागायला मुख्याध्यापकांच्या दारात जाईल का? बऱ्याचदा ती पोट दिसेपर्यंत बातमीच सांगत नाही, आणि सर्वांत नाजूक पहिले तीन महिने जिने चढण्यात आणि गर्दीच्या लोकलमध्ये जातात. चरकाच्या उपमेत भांड्याने काही मागायचं नसतं. नेणाऱ्यानेच पाय जपून टाकायचा असतो. आपला कायदा अजून तिथवर आलेला नाही, आणि तोवर शाळेने तिच्या विनंतीची वाट पाहत बसू नये. तळमजल्यावरचा वर्ग, फळ्याशेजारी एक उंच स्टूल, सलग दोन तासांनंतर एक ऑफ तास, पावसात सबवे तुंबला की घरून न निघण्याची मुभा. यातल्या कशालाही मोठा खर्च लागत नाही.

पाचवीच्या मुलांना यातलं काही सांगावं लागत नाही. बाईंचं पोट दिसायला लागलं, की तास संपताच दोघंतिघं वह्यांच्या गठ्ठ्यावर झेपावतात, कोणी डस्टर घेतं, कोणी पाण्याची बाटली. जिन्यात एकजण पुढे धावून खालून येणाऱ्या मुलांना भिंतीकडे सरकवतो. "सावकाश रे, बाई येतायत."